मेमूला इंजिन नसतं

आमच्या पिढीत बापानं पोराला खेळणं करून द्यायची पद्धत नव्हती. बाप नाव द्यायचा, फी द्यायचा, प्रसंगी एक ठेवून द्यायचा. खेळणं मात्र सुतार द्यायचा. बारा बलुतेदारांत सुताराचा मान पहिल्या ओळीतला. गावाची औतं, वखर, पाभरी, बैलगाड्यांची चाकं, घरांच्या चौकटी, सगळं त्याच्या वाकसाखालून निघायचं आणि त्याचं बलुतं वर्षाकाठी खळ्यावर धान्यात मोजलं जायचं. एकदा धान्य मोजून झालं की मधल्या किरकोळ कामांचा हिशेब कोणी मांडत नसे. त्या किरकोळीतच विटी-दांडू, भोवरा, पांगुळगाडा हे सगळं होऊन जायचं. बापाचं काम एवढंच, की शेतावर जाताना पोराला सुताराच्या ओट्यावर सोडायचं आणि म्हणायचं, "मिस्तरी, याले एक गाडी करी द्या." संध्याकाळी पोर आणि गाडी दोन्ही घरी. पोराच्या अंगठ्यात कुसळ घुसलेलं असे, ते आई सुईनं काढी.

हे सगळं मी आमच्या चिरंजीवांना नीट समजावून सांगितलं. पण चिरंजीव मोबाइलवर वाचतात, आणि मोबाइलवर वाचलेल्या माणसाला बापाचं ऐकू येत नाही.

मोबाइलमध्ये असं होतं, की बापानं स्वतःच्या हातानं लाकडी खेळणं करून दिलं की बाप-लेकाचं नातं घट्ट होतं. चिरंजीव चाळीसगावातच एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. दिवसभर गावातली नाती सैल करून आल्यावर घरातलं एखादं तरी घट्ट करावं असं त्यांना वाटलं, तर त्यात गैर काही नाही. माझी शंका वेगळी होती. या माणसाच्या हातून घरातला एक खिळा आजवर सरळ गेलेला नाही. आमच्या बैठकीतलं कॅलेंडर जिथे लटकतं तिथे ते का लटकतं याला खिळ्याखेरीज दुसरं कारण नाही. खिळा जिथे शिरला तिथे कॅलेंडर.

मी रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झालो. उभी हयात खिडकीच्या आत बसून गेल्यामुळे बाहेर चाललेली धडपड शांतपणे बघायची मला सवय आहे. म्हणून म्हटलं, होऊ द्या.

आता खेळणं कोणतं, हा प्रश्न नातवानं आधीच निकालात काढला होता. वय वर्षं चार. रोज संध्याकाळी मी त्याला स्टेशनच्या पुलावर नेतो. चाळीसगाव जंक्शन आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी निम्मी दुनिया पुलाखालून धडधडत जाते. पण साहेबांचं लक्ष तिकडे नाही. त्यांना आवडते ती धुळ्याची गाडी. ही शाखा 1900 साली सुरू झाली. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर करत गाडी धुळ्याला जाते आणि आल्या वाटेनं परत येते. धुळ्याच्या पुढे रूळ नेण्याच्या गोष्टी मी नोकरीला लागलो तेव्हाही ऐकत होतो. बाकीच्या गाड्या चाळीसगावाकडे ढुंकून न बघता निघून जातात, ही मात्र इथली आहे, रोज घरी येते, हे त्या पोराला कुठेतरी पटलेलं असावं.

बाजारात राजधानी मिळते, वंदे भारत मिळते, जपानच्या बुलेट ट्रेनचंही प्लास्टिक मिळतं. चाळीसगाव-धुळे मेमूचं खेळणं काढावंसं मात्र जगातल्या एकाही कारखानदाराला वाटलेलं नाही. तेव्हा ती लाकडाचीच करायची, असं ठरलं.

चिरंजीवांना ही निवड फार पसंत पडली. कारण मी त्यांना एक तांत्रिक बाब सांगितली, ती सांगितली नसती तर पुढचं काही घडलं नसतं. मेमूला इंजिन नसतं. मोटर डब्यातच असते आणि ड्रायव्हरची केबिन दोन्ही टोकांना. पूर्वी धुळ्याला पोचलं की इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून फिरवायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. आता ड्रायव्हर इकडून उतरतो, पिशवी घेऊन चालत जातो आणि तिकडून चढतो.

"म्हणजे अप्पा, धुराडं नाही, घुमट नाही, काही नाही? नुसती पेटी?"

"नुसती पेटी."

"आणि पुढून-मागून सारखीच?"

"सारखीच."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सूनबाईंनी बालवाडीचा कोर्स केलेला आहे, त्यामुळे त्यांचाही पाठिंबा मिळाला. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून आसपास मिळेल त्या वस्तूंतून साधनं उभी केली, हे त्यांनी मला सांगितलं. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून खेळणी केली, तेही सांगितलं. चिरंजीवांनी तर थेट डेन्मार्क गाठलं. म्हणे, लेगो नावाची जी जगप्रसिद्ध कंपनी आहे, तिची सुरुवात 1932 साली बिलुंड नावाच्या खेड्यात एका माणसानं घरच्या घरी लाकडी खेळणी करून केली.

"त्या माणसाचा धंदा काय होता?" मी विचारलं.

चिरंजीवांनी मोबाइल पाहिला. जरा वेळ गेला. "सुतार."

मंदीत घरबांधणीची कामं मिळेनाशी झाली, म्हणून तो सुतार शिड्या आणि इस्त्रीचे पाट करू लागला, आणि त्यातूनच खेळण्यांकडे वळला. डेन्मार्कात काय आणि आमच्या तालुक्यात काय, खेळणं सुतारानंच केलं, हा माझा मुद्दा सिद्ध झाला होता. पण सिद्ध झालेल्या मुद्द्याला आमच्या घरात चहासुद्धा मिळत नाही.

लाकडाचा शोध घरातूनच सुरू झाला. चिरंजीवांची नजर प्रथम पोळपाटावर गेली, कारण तो आधीच गोल होता आणि त्याच्याखाली तीन पायही होते. सौ. नी लाटणं हातातून खाली न ठेवता "काय हवंय?" एवढंच विचारलं आणि तो विषय संपला. मग माळ्यावरची मोडकी खाट खाली आली. खाट माझ्या वडिलांची, सागवानी, पाय खरादावर काढलेले, गुळगुळीत. एक पाय तेवढा शाबूत होता. चिरंजीवांनी तो उलटसुलट फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला. "गोल लाकूड काय कामाचं, अप्पा? मला सपाट फळी पाहिजे."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

मग वखार. चाळीसगावच्या वखारीत माणूस जातो तो चौकटीला, नाहीतर छपराला. मालकानं वही उघडून "किती घनफूट?" विचारलं. चिरंजीव म्हणाले, "एक फूटभर." मालकानं वही मिटली. त्यानं बाहेर पडलेला बाभळीचा एक तुकडा पायानंच पुढे सरकवला आणि पैसे घेतले नाहीत. फुकट मिळालेल्या लाकडाचा चिरंजीवांना एवढा आनंद झाला, की ते लाकूड खेळण्याचं आहे की नाही हे विचारायचं राहून गेलं.

खेळण्याला हलकं लाकूड लागतं. सावंतवाडीच्या चितारआळीतले कारागीर पांगारा वापरतात ते उगाच नाही; पांगारा हलका, मऊ, कापायला सोपा. कर्नाटकात चन्नपटणचे लोकसुद्धा आपला काळा कुडा सोडत नाहीत. आमच्या बाभळीचा स्वभाव निराळा. ती जमिनीत फाळ धरून उभी राहणारी बाई आहे. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली कोरी करवत तिच्यावर बराच वेळ चालली. फळीवर एक ओरखडा उठला आणि करवतीचे दात मात्र मान टाकून बसले.

याच वेळी मिस्तरी आमच्या ओट्यावर आले. मिस्तरी म्हणजे गल्लीच्या टोकाचे. आता मुलं फर्निचरचं काम बघतात, मिस्तरी दुपारचे मोकळे असतात आणि चहाच्या वेळा त्यांना आमच्यापेक्षा पाठ आहेत. त्यांनी लाकडावरून अंगठा फिरवला.

"भो, बाभूय शे ती. तिनं औत करतस, खेयनं नही."

"मग खेळणं कशाचं करतात?"

मिस्तरींनी चहाचा घोट घेतला. "मी करी देस."

हे एवढं सोपं उत्तर चिरंजीवांना नको होतं. सुतारानं करून दिलं तर नातं सुताराशी घट्ट होईल, अशी त्यांना भीती असावी. मोटरपंपाच्या दुकानातून पॅकिंगच्या पेटीचं लाकूड आलं. ते पांढरं, मऊ, करवतीला हसून वाट देणारं. त्यातल्या गाठी मात्र ठोकताठोकता गळून पडायच्या, आणि जिथे गाठ होती तिथे भोक. त्या भोकांना चिरंजीवांनी खिडक्या म्हणायला सुरुवात केली. मूळ आराखड्यात खिडक्या रांगेत होत्या. प्रत्यक्षात त्या जिथे गाठी होत्या तिथे आल्या. वरची बर्थ, खालची बर्थ आणि एक थेट छतात.

मग हत्यारं जमली. रंधा, पटाशी, कानस, गुण्या, सहा नमुन्यांचा काचकागद आणि फेविकॉलचा असा डबा की त्यात घर बांधून झालं असतं. दर संध्याकाळी पतसंस्थेतून आल्यावर चिरंजीव ओट्यावर बसत. खानदेशचा मे महिना. सूर्य मावळल्यावरसुद्धा ओटा तापलेला असतो. गल्लीतले लोक जेवण झाल्यावर शतपावलीला निघत ते आमच्या दारात येऊन थांबत. लोकांच्या कर्जाचे हप्ते मोजणारा माणूस सूत मोजतोय, हे बघायला काही थकबाकीदारसुद्धा येत. इंचाचे आठ सूत. एका बाजूला दोन सूत जास्त, दुसऱ्या बाजूला तीन सूत कमी. गुण्या लावला की त्याच्या आणि लाकडाच्या मधून समोरच्या घरातला दिवा दिसायचा. "थोडी सवलत द्या भाऊ, एकरकमी मिटवून टाका," असं एका थकबाकीदारानं सुचवलं.

डबा तयार झाला. तो डबा आहे हे सांगावं लागत नव्हतं, एवढं मी प्रामाणिकपणे म्हणेन. नातवानं त्याच्याकडे पाहिलं आणि फक्त दोन प्रश्न विचारले. वरचा हात कुठंय? म्हणजे पँटोग्राफ. आणि चाकं आठ का नाहीत?

चिरंजीवांनी चार धरली होती.

रेल्वेच्या डब्याला दोन बोग्या, प्रत्येक बोगीला दोन आस, आसाला दोन चाकं, डब्याला आठ. हे पोराला मीच पुलावरून दाखवलेलं होतं, त्यामुळे मी पेपर तोंडासमोर धरला. गाडी किमान तीन डब्यांची हवी, म्हणजे चोवीस चाकं. इथून पुढे आमच्या घरात खरी परीक्षा सुरू झाली, कारण डबा कसाही झाला तरी डबाच असतो, पण चाक गोल नसलं तर ते चाकच नसतं.

त्यात चिरंजीवांनी एक सरकारी भानगड वाचून काढली. 2021 च्या जानेवारीपासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. खेळण्यांच्या मानकाचा क्रमांक 9873. त्यात लहान तुकड्यांची एक चाचणी असते: 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला तर खेळणं नापास. नातू तीनच्या पुढे गेलेला आहे आणि आपण काही दुकान मांडलेलं नाही, हे मी निदर्शनाला आणलं. उपयोग झाला नाही. पुठ्ठ्याची नळी तयार झाली आणि चिरंजीव तिच्यात घरातल्या वस्तू टाकून बघू लागले. सुपारी नापास. लसणाची कुडी फोडली की नापास. आजीच्या गुडघ्याच्या गोळ्या नापास. शेवटी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नळीत मावला, आणि सौ. नी नळीसकट शासकीय मानक चुलीत घालायची भाषा केली. निष्पन्न एवढंच, की चाक मोठं करायचं ठरलं.

चाक आखायला सूनबाईंची बांगडी आली. बांगडीभोवती पेन्सिल फिरवली की वर्तुळ येतं, यात शंका नाही. शंका करवतीची. करवतीला फक्त सरळ जाता येतं. म्हणून आधी चौकोन कापायचा, मग त्याचे कोपरे उडवायचे, म्हणजे अष्टकोन. मग त्याचेही कोपरे उडवायचे. असं करत गेलं की गोल येतो, असं भूमितीत सिद्ध आहे. भूमितीत कानस धरणाऱ्याचं मनगट दुखत नाही. एक बाजू जास्त घासली गेली की समोरची घासायची, मग पहिली उंच वाटायची. बांगडीएवढं सुरू झालेलं चाक हळूहळू अंगठीकडे निघालं, आणि तिकडे नळी वाट बघत होती.

मिस्तरींनी पहिलं तयार चाक हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. फिरवून पाहिलं.

"भो, हाई चाक शे का बट्टी?"

या प्रसंगी मला भास्कराचार्यांची आठवण झाली, आणि ती मी बोलून दाखवली. चाळीसगावच्या माणसाला भास्कराचार्यांवर बोलायला निमित्त लागत नाही. पाटणादेवीला जाऊन या. तिथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि 1207 साली निकुंभांच्या सोईदेवानं त्याला दान दिलं. नातवानं आजोबांसाठी एवढं केलं, हे मी आमच्या नातवाला मुद्दाम मोठ्यानं सांगतो. तर या भास्कराचार्यांनी लीलावतीत वर्तुळाच्या परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली आहेत. सूक्ष्म हवं असेल तर 3927 भागिले 1250, आणि व्यवहारात चालवून घ्यायचं असेल तर 22 भागिले 7.

"चिरंजीव," मी म्हटलं, "तुमच्या चाकाचा परीघ या दोन्हींत बसत नाही. तिसरा शोध लागलाय."

पण खरी गंमत पुढे आहे. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. आमच्या चिरंजीवांचं वय यंदा तेवढंच. त्यात यंत्रांवर एक अध्याय आहे आणि त्या अध्यायात एक आपोआप फिरणारं चाक आहे. चाक हलक्या लाकडाचं करायचं. आरे पोकळ, सगळे सारखे, एकीकडे जरा कललेले. प्रत्येक आरा पाऱ्यानं अर्धा भरायचा आणि तोंड बंद करायचं. मग पारा एका बाजूला धावतो, दुसऱ्या बाजूला ओढतो आणि चाक फिरतच राहतं. म्हणजे, कागदावर. असं चाक कायमचं फिरणं निसर्गनियमात बसत नाही हे जगाला पुढे कळलं. तोवर युरोपातही कितीतरी हुशार माणसांनी तसल्या चाकांपायी आयुष्यं घालवली. मला एवढंच म्हणायचं होतं, की आमच्या पंचक्रोशीत न फिरणाऱ्या लाकडी चाकाला साडेआठशे वर्षांहून जुनी आणि अतिशय थोर परंपरा आहे. चिरंजीवांना हे सांत्वन वाटलं नाही. हलकं लाकूड भास्कराचार्यांनाही हवं होतं, बाभूळ त्यांनीही घेतली नव्हती, हे मी त्यात जोडलं. तेही वाटलं नाही.

तरीही चोवीस चाकं झाली. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. ती बसवून गाडी फरशीवर ठेवली तेव्हा तिन्ही डबे उभे राहिले, पण वेगवेगळ्या कारणांनी. ढकलली की गाडी खाली-वर होत, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जात जी काही पुढे सरके, त्याला चालणं म्हणता येत नव्हतं. नातू पोटावर पालथा पडून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हिला उंटासारखं चालायचंय का?"

रंगाचा प्रश्न मध्येच कधीतरी सुटला होता. बाजारच्या रंगात शिसं असतं की नाही याची खात्री नाही, म्हणून चिरंजीवांनी हळद तेलात कालवून लावली. सौ. बाहेर आल्या, पिवळ्याधमक गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हळद लागली वाटतं. नवरदेव कोण, भुसावळ पॅसेंजर?"

त्या रात्री चिरंजीव खचले होते. मी त्यांना छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आठवायला सांगितलं. स्टेशनच्या अगदी जवळ तो बंगला आहे, रेम्ब्रांट्स रिट्रीट. मूस इंग्लंडला शेफील्डला जाऊन कला शिकले, परत चाळीसगावला आले आणि मग आयुष्याची पुढची कितीतरी दशकं त्या घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत. 1989 साली वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते गेले. कोणा एकीनं पंजाब मेलनं येईन असा शब्द दिला होता, म्हणून ती गाडी येऊन जाईपर्यंत ते रोज दार उघडं ठेवत, असं गावात सांगतात. पंजाब मेल 1912 साली सुरू झाली आणि मूसही 1912 चेच. खात्यातला माणूस म्हणून मी एवढंच म्हणतो, की गाडी लेट असे त्या रात्री दारातून किती डास आत आले असतील याचा विचार गोष्ट सांगणारे करत नाहीत.

पण माझा मुद्दा दाराचा नव्हता, टेबलाचा होता. मूस यांची टेबलटॉप फोटोग्राफी जगभर वाखाणली गेली. टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा आणि कॅमेरा असा धरायचा, की बघणाऱ्याला तो खराखुरा मुलूख वाटावा. बाहेर न जाता माणसानं टेबलावर जग उभं केलं.

चिरंजीव उठून बसले. त्यांनी स्टुलावर वाळू पसरली, सूनबाईंच्या तुळशीच्या दोन फांद्या उभ्या केल्या, मागे माझं राखाडी धोतर डोंगर म्हणून लावलं आणि मोबाइल वाळूला टेकवून फोटो काढला. काय सांगू! फोटोत जणू संध्याकाळच्या उन्हात पिवळीधमक मेमू, मागे गौताळ्याचे डोंगर, छतातल्या खिडकीतून उजेड. फोटो घराण्याच्या ग्रुपवर गेला. पुण्याचे मामा म्हणाले, अगदी खरी वाटते. नाशिकच्या मावशींनी हात जोडले. अमेरिकेतल्या भाच्यानं इंग्रजीत लिहिलं की प्लास्टिकच्या जमान्यात असे बाप राहिले नाहीत. फोटोत चाकं फिरत नाहीत हे फार सोयीचं असतं.

घरात मात्र एक प्रेक्षक असा होता की त्याला फोटो नको होता, गाडी हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिरंजीव कामावर असताना मिस्तरी आले. चहा झाला. त्यांची नजर कोपऱ्यातल्या खाटेच्या पायावर गेली.

"हाऊ पाय कसाना शे?"

"खाटेचा. सागवानी. वडिलांची खाट."

मिस्तरींनी पाय उचलला, जिथे तो एकसारखा गोल होता तिथे दोन खुणा केल्या, नातवाला म्हणाले, "धर," आणि घरून आणवलेल्या बारीक दातांच्या करवतीनं काकडीच्या चकत्या कराव्यात तशा चकत्या पाडायला लागले. एक, दोन, तीन. प्रत्येक चकती गोल, प्रत्येक सारखी, कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणा खराद्यानं ती गोलाई आधीच करून ठेवलेली होती. मिस्तरींना फक्त कापायचं होतं. असं आडवं कापलेलं कच्चं लाकूड तडकतं. हे मुरलेलं सागवान, तडकायचं ते केव्हाच तडकून झालं होतं. मध्यभागी गिरमिटानं भोक. आसाला सायकलचे स्पोक, स्पोकवर संपलेल्या रिफिलची नळी, म्हणजे आस गुळगुळीत फिरतो. नातू भोकातून फुंकर मारून भुसा उडवत होता. त्याच्या अंगठ्यात एक कुसळ गेलं. मिस्तरींनी ते चिमटीनं काढलं आणि त्यानं रडायचं की नाही ते ठरवायच्या आत त्याच्या हातात पुढची चकती दिली.

पँटोग्राफ सौ. च्या केसांच्या आकड्याचा झाला. न मागता दिला, याची नोंद घ्यावी.

मिस्तरी पैसे घेणार नव्हतेच. संध्याकाळी सूनबाईंनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी त्यांच्याकडे पोचवल्या. ते म्हणाले, "पोऱ्याले धाडी देत जा मन्हाकडे." आता तो रोज दुपारी तिथे असतो.

चिरंजीव घरी आले तेव्हा गाडी बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत एका ढकलीत गेली. ते तिच्यामागे गेले. परत आले. पुन्हा गेले. चाकांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. खाटेच्या उरलेल्या बुटक्या पायाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शर्टसुद्धा न बदलता फरशीवर बसले. त्यानंतर जेवणाला तीन हाका माराव्या लागल्या, आणि त्या नातवासाठी नव्हत्या.

माझा या प्रकल्पातला वाटा सगळ्यात शेवटी आला. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. पुठ्ठा जाड, एका बाजूला कोरा. जुन्या काळी आम्ही खिडकीतून जी पुठ्ठ्याची तिकिटं द्यायचो, तेवढ्याच मापाचे तुकडे मी कात्रीनं कापले, एकही सूत इकडेतिकडे न होता, आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: चाळीसगाव ते धुळे, दुसरा वर्ग. नातवाला टीसी नेमला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं आजीला गवारीच्या जुडीचं लगेज बुक केलं नाही म्हणून अडवलं, सूनबाईंना प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं, आणि मग कमरेवर हात ठेवून तो आपल्या बापासमोर उभा राहिला. बाप तेव्हा राजमाने स्टेशनातून गाडी बाहेर काढत होता.

"तिकीट."

"अरे, मी तर गाडी बनवली!"

"मग पास दाखवा."

"पास नाही बेटा, पण डबा मीच..."

"पास अप्पांकडे आहे. रेल्वेत होते ते. तुम्ही पतसंस्थेत आहात."

चिरंजीवांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला, पाटाच्या आड सरकून बसलो आणि वरचं तिकीट हातात घेतलं.

"धुळे, एक? सुट्टे आहेत का?"